नागपुरातले पारंपरिक समाज काळाशी जुळवून घेतात म्हणजे नेमकं काय करतात?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही मूळचे देवलापारकडचे गोंड. आजोबा गोंडी बोलायचे, बाबांना समजते, मला 'जय सेवा'च्या पुढे चार शब्द येतात. आता घरात भावाचं लग्न आहे. नागपुरात हॉल घेतला, डीजे सांगितला आणि आजी रुसून बसली. आधुनिक काळाशी जुळवून घेताना जुने समाज आपली संस्कृती सांभाळतात तरी कशी? की ती थोडीथोडी करून जाणारच असते?"

मी नागपूरच्या जुन्या वस्त्यांत आणि रामटेक-देवलापार पट्ट्यात लोकपरंपरांच्या नोंदी करते. एखाद्या समाजाला आपलं काही पुढे न्यायचं असेल तर त्यांच्यासोबत बसून ते काम करते. बरीच वर्षं हेच चालू आहे. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल. तुमच्या घरच्या लग्नाकडे शेवटी येते, कारण त्याआधी या शहरातल्या इतर समाजांनी काय केलं ते सांगायला हवं.

थोडक्यात विचाराल तर काही गोष्टी जातील, काही राहतील. पण कोणती जाईल आणि कोणती राहील हे नशिबावर सोडलेलं नसतं. कुठलीही प्रथा पाहताना मी दोन प्रश्न विचारते. ही गोष्ट आज कोणाच्या, कोणत्या कामाला येते? आणि ती बदलायची झाली तर बदलण्याचा हक्क कोणाकडे आहे? दोन्हींची उत्तरं समाजाच्या आत सापडली तर ती प्रथा कितीही रूप बदलून जगते. बाहेर सापडली तर तिचं प्रदर्शन होतं.

विणकरांपासून सुरुवात करते. गोळीबार चौक, तांडापेठ, नाईक तलाव, पाचपावली या भागात हलबा कोष्टींची घरं आहेत. एकेकाळी या गल्ल्यांत मागाचा आवाज दिवसभर असायचा. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. मिल आली आणि हातमाग संपला, असं आपण सरसकट म्हणतो. तसं लगेच झालं नाही. गिरणीचं सूत घेऊन हातमागावर लुगडी विणणं पुढे कित्येक दशकं चाललं. घरातला एक भाऊ मिलमध्ये आणि एक मागावर, अशी कुटुंबं जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येतात. खरा घाव पॉवरलूमने घातला. नंतर मिलही गेली, आणि तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे.

विणकामातली एक गोष्ट जवळून सांगते, कारण आधुनिकता कशी आत येते ते तिच्यात दिसतं. माग घरात असतो, पण ताण्याची पांजणी घरात होत नाही. ताणा पुरा लांब ताणून धरायला मोकळी जागा लागते, म्हणजे गल्लीच लागते. पहाटे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणायचं, त्याला खळ लावायची, कुंचल्याने सारखी करायची आणि ऊन तापायच्या आत गुंडाळायचं, ही पांजणी. एका घराच्या पांजणीला शेजारची चार घरं हात लावायची, उद्या त्यांच्या पांजणीला हे जायचे. मग गल्लीत आधी स्कूटर आली, मग ऑटो, मग चारचाकी. कोणी कायदा करून पांजणी बंद केली नाही. गल्ली मोकळी मिळेना, एवढंच झालं. आणि पांजणीसोबत शेजाऱ्यांनी एकमेकांच्या कामाला उभं राहणंही सुटलं. म्हाताऱ्या विणकरांना माग गेल्याचं दुःख आहेच, पण ते बोलतात जास्त या गल्लीबद्दल.

माग थांबल्यावर या घरांतून दुसरी एक गोष्ट बाहेर आली. ती म्हणजे सावजी रस्सा. आज सावजी म्हटलं की लोकांना नागपूर आठवतं, पण मुळात ते कोष्टी घरातलं जेवण. जवसाचं तेल, खसखस, दगडफूल, सुंठ, काळी मिरी, भाजून पाट्यावर वाटलेला मसाला. मटण तर आहेच, पण खूर, खिमा गोळा, पाटोडी रस्सा, डाळकांदाही आहे. विणकामाचा पैसा आटला तेव्हा घरातल्या बायांनी हेच जेवण विकायला सुरुवात केली. आधी ओळखीच्यांना डबा, मग दारात चार माणसांची पंगत, मग भोजनालय. जिथे माग होता तीच समोरची खोली खानावळ झाली, अशी घरं मी पाहिली आहेत.

याला मी खरं जुळवून घेणं म्हणते. कोणीही त्यांना संस्कृती जपा म्हणून सांगितलं नव्हतं. मुलांच्या शाळेची फी भरायची होती, आणि हाताशी होतं ते एक ज्ञान. बाईने मिठा-तिखटाचं प्रमाण ठरवलं, कोणाला आत बसवायचं ते ठरवलं, दर ठरवला. घरातल्या चुलीवरचं ज्ञान बाजारात आलं, तरी चावी तिच्याच कमरेला राहिली. पुढे मात्र गोष्ट हातातून सुटत गेली. आज सावजीची पाटी कोणीही लावतो. पाकिटातला सावजी मसाला मिळतो. पुष्कळ ठिकाणी जवसाचं तेल राहिलं नाही, आणि तिखट म्हणजेच सावजी असा समज पसरला. मूळ घरांतल्या बायांशी बोललं की त्या चवीबद्दल फार स्पष्ट बोलतात. त्यांच्या मते रश्शाचा जोर मसाला भाजण्यात आहे, मिरचीत नाही. हे सांगायला त्यांना आजच्या मोठ्या हॉटेलांत कोणी बोलावत नाही, याचं मला वाईट वाटतं.

याच विणकरांच्या हातची करवतकाठी साडी मात्र वेगळ्या वाटेने चालली. नागपूर-भंडारा पट्ट्यातली ही कोशाची, म्हणजे टसर रेशमाची साडी तीन धोट्यांनी विणतात. धोटा म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणारं साधन. दोन्ही काठांचे दोन धोटे वेगळे आणि मधल्या अंगाचा एक. काठ आणि अंग जिथे एकमेकांत अडकतात तिथे करवतीसारखे दाते उमटतात. यंत्रावर ते छापता येतात, तसं अडकवता मात्र येत नाही. ही साडी आता बहुतेक बाहेरच्या ग्राहकावर जगते. त्यात वाईट काही नाही. पण तिच्यामागे दुसराही एक समाज आहे हे विसरलं जातं. गडचिरोली-भंडाऱ्याच्या जंगलात ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढवणारे ढिवर. पक्षी-मुंग्यांपासून अळ्या राखत हे लोक झाडांखाली दिवस काढतात. विणकराला भाव मिळाला आणि ढिवराच्या पोराने अळ्या सोडल्या, तर साडी तरीही थांबणार. प्रदर्शनात साडीशेजारी विणकराचा फोटो असतो, ढिवराचा मी क्वचितच पाहिला.

आता दीक्षाभूमीबद्दल. तिच्याशिवाय नागपुरात या प्रश्नाचं उत्तर अपुरं राहील. पारंपरिक समाज म्हटलं की आपल्या डोक्यात जुनं सांभाळणारे लोक येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत धम्माची दीक्षा घेतली. ज्या परंपरेने त्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, मेलेली ढोरं ओढायला लावली, ती त्यांनी जाणूनबुजून टाकली. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे एका समाजाने एकत्र येऊन, बावीस प्रतिज्ञा उच्चारून ठरवलं. माझ्या कामात मला भेटलेलं सांस्कृतिक बदलाचं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात जागं उदाहरण आहे. परंपरेवर बोलणारे पुष्कळ जण त्याचं नावही घेत नाहीत, आणि ते मला पटत नाही.

पण टाकल्यानंतर पुढे रोज जगायचं कसं? बारसं, लग्न, मयत, सण यांची नवी रीत लागते. ती कशी उभी राहिली ते आपल्या वस्त्यांमध्ये अजून पाहता येतं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. या तीन महिन्यांत विहाराविहारांत संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. पांढरी साडी नेसलेल्या बाया जेवणं उरकून येतात, वंदना होते, एक जण वाचतो, मध्येच कोणी अर्थ विचारतो. चातुर्मासात संध्याकाळी जमून पोथी ऐकायची ही महाराष्ट्राची फार जुनी सवय आहे. बसण्याची रीत ओळखीची राहिली, ऐकायची गोष्ट पूर्ण बदलली, आणि वाचायचा अधिकार सगळ्यांचा झाला. भजनी मंडळाच्या पेटी-ढोलकीवर भीमगीतं आली. जात्यावरच्या ओवीत बाबासाहेब आले. जातं गेलं तेव्हा ती ओवी माईकवर गेली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला रस्त्यारस्त्यांवर भोजनदान चालतं, आणि परतणाऱ्या माणसाच्या पिशवीत पुस्तकं असतात. ही पुस्तकं घेण्याची प्रथा आता तितकीच घट्ट झाली आहे जितकी तीर्थाहून प्रसाद आणण्याची असते. सगळं नवं शून्यातून आणलं असतं तर ते इतकं लवकर अंगवळणी पडलं नसतं.

मारबतीबद्दल थोडक्यात. मारबत म्हणजे इडापिडा घेऊन जावी म्हणून मिरवत नेऊन जाळायचा पुतळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, निघणारी काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची सांगतात. त्यांचं रूप ठरलेलं आहे, त्याला सहसा कोणी हात लावत नाही. पण सोबतचे बडगे, म्हणजे दुसरे पुतळे, दरवर्षी नवे. महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद, त्या वर्षी लोकांना ज्याचा राग असेल त्याचा बडगा. "घेऊन जा गे मारबत" ही आरोळी तीच. न बदलणारं आणि दरवर्षी बदलणारं, दोन्ही एकाच मिरवणुकीत वेगवेगळं ठेवलं आहे. त्यामुळे तरुण पोरांना त्यात करायला काही उरतं. म्हाताऱ्यांना परंपरा बुडाल्याची धास्ती वाटत नाही.

आपल्या पूर्वेच्या झाडीपट्टीतली नाटकं मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवायला नेते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. देसाईगंज म्हणजे वडसा इथे कंपन्यांची कार्यालयं. दिवाळीनंतर धान निघालं की मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते, लेकीबाळी-जावई गावात येतात आणि रात्रभर नाटक चालतं. जमीन खोदून उतार करतात आणि लोक त्यावर बसतात. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, पण ही रंगभूमी पुरस्कारांवर जगलेली नाही. ती तिकिटावर जगते. दिवे, साऊंड, ऑक्टोपॅड सगळं आलं, विषय बदलले, लावणीची आवड वाढली, जाणकार त्यावर नाराजही होतात. पण धान कापून हातात पैसा असलेला माणूस पाहुण्यांना घेऊन नाटकाला जातोच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती थांबल्या. पुष्कळ गावांत दिवसा पट आणि रात्री नाटक असा जोड होता. पट बंद असलेल्या त्या वर्षांत काही जणांना वाटलं, आता नाटकही बसेल. ते बसलं नाही, कारण पाहुणे पटासाठी जितके यायचे तितकेच नात्यासाठी यायचे. शंकरपटाला २०२३ च्या मे महिन्यात न्यायालयाने कायम परवानगी दिली. तोपर्यंत मंडईने नाटक सांभाळून नेलं होतं.

एवढं सगळं समाज आपापल्या बळावर करत असताना सरकारी कागद मात्र उलटं मागतो, आणि ते तुम्हाला माहीत असायला हवं. अनुसूचित जमातीच्या दाखल्याची पडताळणी करताना, कागदपत्रांवर समितीचं समाधान झालं नाही तर दक्षता पथकाकडून अ‍ॅफिनिटी टेस्ट होते. तुमचे देव कोणते, लग्नात काय करता, मयताचे विधी कसे, बोली कोणती. उत्तरं जुन्या पुस्तकांतल्या वर्णनाशी जुळली पाहिजेत. शहरात दोन पिढ्या वाढलेल्या पोराने ती कशी द्यायची? मग पोरं उत्तरं पाठ करतात. ज्या विधीला घरात कोणी बसत नाही त्याचं वर्णन तोंडपाठ असतं. म्हणजे बदलायचं तर आदिवासीपण संशयात, आणि न बदलायचं तर मागासलेले म्हणून हिणवलं जायचं. या ओळखीच्या प्रश्नाची किंमत नागपूरने पाहिली आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला अनुसूचित जमातीचा दर्जा मागत विधानभवनावर आलेल्या मोर्चात गोवारी समाजाचे ११४ जण चेंगराचेंगरीत गेले. हलबा कोष्टींना हलबा जमातीत धरायचं की नाही हा प्रश्न २००० सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरही कितीतरी घरांत, नोकऱ्यांत धुमसत राहिला.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट म्हटली. स्थलांतर, आधुनिकीकरण आणि इतर समाजांशी येणारा संबंध यांमुळे जमातींच्या चालीरीती बदलतात, त्या जुन्या लक्षणांशी जुळतीलच असं नाही, म्हणून ही चाचणी एकमेव कसोटी मानता येणार नाही. मार्च २०२३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हीच भूमिका पक्की केली. तुमच्या घरात कोणाची पडताळणी व्हायची असेल तर जुनी महसुली आणि शाळेची कागदपत्रं आधी गोळा करा. आणि भाऊ हॉलमध्ये लग्न करतो म्हणून तो गोंड राहत नाही असं कोणी म्हणालं, तर मनाला लावून घेऊ नका.

आता तुमच्या समाजाने स्वतः काय केलं ते पाहू. हे नागपूर शहर वसवलं ते देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहने, १७०२ च्या सुमारास. त्याच शहरात गोंडी कानावर येईनाशी झाली होती. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे देशभरात सुमारे ३० लाख, आणि गोंड जमातीची लोकसंख्या एक कोटीच्या वर. ही तफावत पाहिली की तुमच्या घरातली तीन पिढ्यांची गोष्ट किती घरांची आहे ते कळतं. शहरात शिकलेल्या, नोकऱ्या करणाऱ्या गोंडांनी हे आधी ओळखलं. मोतीरावण कंगाली नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करता करता गोंडी भाषा, व्याकरण, कोया पुनेम म्हणजे गोंडांचा धर्म यांवर आयुष्यभर लिहीत राहिले. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेशी पारी कुपार लिंगो आणि जंगो रायतार या गोंडांच्या पूज्य पूर्वजांची गोष्ट जोडलेली आहे. कोंडलेल्या मुलांना तिथून सोडवल्याची ती गोष्ट. माघ पौर्णिमेला तिथे आता अनेक राज्यांतून लोक येतात. सप्तरंगी झेंडे, पुस्तकं, गोंडी कॅलेंडर विकायला असतात. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली, म्हणजे संगणकावर आणि मोबाईलवर तिची अक्षरं उमटवता येतात. गडचिरोलीच्या मोहगावात ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळाच काढली.

परिचय मेळाव्यांतल्या बायोडाट्यात शिक्षण-पगारासोबत 'सहा देवे', 'सात देवे' असं, म्हणजे घराणं किती देवांना मानणाऱ्या गटातलं ते लिहिलेलं असतं, ते तुम्ही पाहिलं असेल. मला ही फार समाधानाची गोष्ट वाटते. सगा व्यवस्था, म्हणजे कोणाशी सोयरीक होते आणि कोण भाऊबंद, ही गोंड समाजाचा कणा आहे. ती इंजिनिअर मुलाच्या बायोडाट्यात शिरली, कारण लग्न जुळवायला ती आजही लागते. उलट परधानांची किंगरी हे तंतुवाद्य बघा. यजमानांच्या घरी येऊन कुळाची गाथा गाणारा परधान होता. परधानांची मुलं शिकली, नोकरीला लागली, चांगलंच झालं. पण गाथा ऐकवून घ्यायची गरज यजमानालाही उरली नाही. किंगरी वाजवणारी बोटं आता शोधावी लागतात. ज्यांच्याकडे अजून आहे त्यांचं गाणं गाथेसकट नोंदवून ठेवणं हे तातडीचं काम आहे. नुसती चाल नोंदवून उपयोग नाही. कोणत्या कुळाची, कधी गायची, कोणासमोर गायची नाही, हे सगळं हवं.

एका गोष्टीची मला काळजी वाटते. कार्यक्रमांत आमच्या रामटेक भागातली पोरं डोक्याला गव्याची शिंगं लावून नाचताना दिसतात. तो बस्तरच्या मारिया आदिवासींचा पेहराव आहे आणि त्यांच्याकडे तो शोभतो. आपल्या आजीच्या गावात काय होतं ते न विचारता दुसऱ्याचं ठसठशीत दिसणारं घेतलं की आपलं साधं मागे पडतं. व्यासपीठावरच्या दहा मिनिटांना शिंगं उपयोगी पडतात. घरातल्या लग्नाला त्यांचा काही उपयोग नाही.

आता लग्न. आजी रुसली आहे ती डीजेमुळे, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. तिला एकदा नीट विचारा. अशा कितीतरी आज्यांशी मी बोलले आहे. "कशाशिवाय लग्न लागलंच नाही असं तुला वाटेल?" असं विचारलं की उत्तर वेगळंच येतं. देवलापारकडच्याच एका आजीने मला सांगितलं, "बाजा कोणताही लावा ना बाई. पण मांडवात मामाला कोणी बोलावलंच नाही. तो खुर्चीवर बसून जेवून गेला."

माझ्या अनुभवात हॉल सगळ्यात आधी घेऊन टाकतो ती माणसांची कामं. गावातल्या मांडवात प्रत्येक नात्याला काम असतं. मोहाचा किंवा सालईचा खांब कोण आणेल, डगाळी म्हणजे पाल्याच्या फांद्या कोण टाकेल, हळद पहिली कोण लावेल, पेनाला म्हणजे देवाला कोण विचारेल, नवरीला कोण आणेल. त्या कामावर त्या माणसाचा हक्क असतो, आणि त्या हक्कासाठी तो भांडूनही येतो. हॉलमध्ये मांडव डेकोरेशनवाला घालतो, हळदीचं ताट पार्लरवाली सजवते, जेवण केटरर वाढतो. मामा, आत्या, जावई सगळे पाहुणे होतात. पुढच्या लग्नाला ते आले नाहीत तरी काही अडत नाही, आणि मग ते येत नाहीत. म्हणून एक कागद घ्या, आजीजवळ बसा आणि गाण्यांच्या आधी कामांची यादी करा. कोणतं काम कोणाचं ते नावासकट लिहा. मग त्यातली जी कामं हॉलमध्ये होऊ शकतात ती त्या-त्या माणसाला परत द्या. खांब मामाच आणेल. तो हॉलच्या फरशीत रोवता येणार नाही, तर मातीच्या कुंडीत उभा करा. असं केलेली लग्नं मी पाहिली आहेत, आणि म्हाताऱ्यांनी कुंडीला हरकत घेतलेली पाहिली नाही.

गाण्यांचंही तसंच. हळदीची गाणी लांब असतात, कारण हळद कुटायला वेळ लागायचा. पाकिटातली हळद वाटीत कालवली की दोन मिनिटांत काम संपतं आणि गाणं सुरू व्हायच्या आत थांबतं. मग आपण म्हणतो, गाणी विसरली. आदल्या दिवशी घरीच चार बायांना बसवून हळकुंडं कुटा. एक तास लागेल, त्या तासाला गाणी आपोआप येतील, आणि विसरलेली ओळ शेजारची बाई पुरी करेल. मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण समोर धरून बसू नका, बाया गप्प होतात. फोन बाजूला उपडा ठेवा, आधी परवानगी घ्या, आणि रात्री आजीसोबत ऐकून प्रत्येक गाणं कधी म्हणायचं ते लिहून काढा.

फेऱ्यांचं आधीच बोलून ठेवा. गोंडी पद्धतीत फेरे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने घेतात, हॉलच्या ओळखीचा पुरोहित ते करणार नाही आणि ऐन वेळी वाद होतो. आपला भुमका, म्हणजे गोंड पुजारी आणायचा असेल तर त्याच्याशी महिनाभर आधी ठरवा. डीजे वरातीला राहू द्या. फेऱ्यांच्या वेळी तो बंद राहील हे आजच भावाकडून कबूल करून घ्या. भाऊ नाही म्हणणार नाही, त्याला फक्त कोणी विचारलेलं नसतं.

गोंडीबद्दल एकच सांगते. लिपी शिका, पण बोलणं तिच्यापासून सुरू होणार नाही. तुमच्या घरात आजी आहे, तिला गोंडी येत असणारच, आणि समजणारे बाबा आहेत, पुष्कळ घरांत हेही उरलेलं नाही. आजीशी स्वयंपाकघरात फक्त गोंडीत बोलायचं ठरवा. पाणी, मीठ, चूल, दे, ठेव, पुरे. अडलं की बाबांना विचारा. रोज तेच तेच शब्द लागत असल्याने ते लवकर बसतात. लग्नाची खरेदी, पाहुण्यांची यादी, रुसवे-फुगवे सगळं याच महिन्यात आजीशी बोलायचं आहे, तर यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

आणि हॉलची वेळ आजच नीट विचारून घ्या. बहुतेक हॉलवाले संध्याकाळच्या लग्नाला दुपारनंतरच चावी देतात. खांब, पेनाची पूजा आणि मांडवातली कामं सकाळची असतात. सकाळी सहापासून हॉल हवा, हे पावतीवर लिहून घ्या. मिळत नसेल तर एवढा भाग घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या गच्चीवर करा आणि तिथली जागा अध्यक्षांना सांगून राखून ठेवा.